रामबागेतले संगणक पीथमपुरातून : राउटरमधून घरापर्यंत सुरक्षित वाट कशी तयार करावी

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरात दोन संगणक आहेत. एकावर बाबांचे हिशेब, पेन्शनची आणि घरपट्टीची कागदपत्रे असतात. दुसऱ्यावर मी आजोबांच्या पेटीतली मोडी पत्रे स्कॅन करून ठेवत असतो. माझी नोकरी पीथमपूरला आहे, धाकटा भाऊ बंगळुरूला असतो, आणि हवा असलेला कागद नेमका घरच्या संगणकावर राहिलेला असतो. मुले पुण्याला किंवा बंगळुरूला आणि आईवडील इंदुरात, अशी स्थिती येथील कितीतरी मराठी घरांत आहे. घरचा संगणक दुरून सुरक्षितपणे वापरण्याची, अशा घरांना स्वतःच्या हाताने करता यावी अशी व्यवस्था मी येथे क्रमाने मांडतो आहे. लेखात पत्ते आणि पोर्टचे आकडे देवनागरीत असले, तरी राउटरमध्ये किंवा संगणकावर ते इंग्रजी अंकांतच टंकावेत.

आधी पत्ता तपासावा

बहुतेक लोक थेट राउटर उघडून पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून ठरावीक पोर्टवर, म्हणजे क्रमांकाच्या दारावर, आलेली जोडणी घरातल्या यंत्राकडे वळवण्याच्या) पानावर जातात आणि दोन संध्याकाळी वाया घालवतात. त्याआधी एक प्रश्न सोडवणे अत्यावश्यक आहे : आपल्या घराला इंटरनेटवर स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे का?

आयपी म्हणजे इंटरनेटवर यंत्रांना पत्ते देण्याची पद्धत. तिच्या चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते होऊ शकतात, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. तेव्हापासून इंटरनेट पुरवणारे अनेक सेवादाते एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहकांना बसवतात. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या इमारतीला बाहेरून एकच पत्ता असावा आणि आतल्या बिऱ्हाडांची नावे फक्त रखवालदाराला ठाऊक असावीत, तसे हे आहे. आतून बाहेर जाणाऱ्याला अडचण येत नाही. बाहेरून येणाऱ्याला मात्र आपले बिऱ्हाड सापडत नाही, आणि तो रखवालदार सेवादात्याचा असल्यामुळे आपल्या राउटरमध्ये कितीही नियम लिहिले तरी त्यांचा उपयोग होत नाही.

तपासणी पाच मिनिटांची आहे. राउटरच्या प्रशासन पानावर जावे, तेथे वॅन किंवा इंटरनेट स्टेटस या शीर्षकाखाली दिसणारा पत्ता कागदावर लिहावा, आणि मग घरच्याच जोडणीवरून आपला आयपी पत्ता दाखवणारे एखादे संकेतस्थळ उघडून तेथला पत्ता त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता आपला आहे. राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर तो सीजीनॅटचा समजावा, कारण ही मालिका २०१२ मध्ये खास त्याच कामासाठी राखून ठेवली गेली. काही सेवादाते १० ने सुरू होणारे खासगी पत्तेही देतात. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा दोष घरातच आहे : फायबरची पेटी स्वतः राउटरचे काम करते आहे आणि आपण विकत आणलेला राउटर तिच्यामागे दुसरा राउटर म्हणून बसला आहे. अशा वेळी सेवादात्याकडून त्या पेटीला ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावे, म्हणजे ती राउटरचे काम सोडते आणि पत्त्यांची अदलाबदल दोनदा होणे थांबते, आणि मग वरची तपासणी पुन्हा करावी.

सीजीनॅट आढळल्यास बहुतेक सेवादाते वेगळे शुल्क घेऊन स्थिर सार्वजनिक पत्ता देतात. तो घेणे शक्य नसेल तर त्यावरचा मार्ग शेवटाकडे दिला आहे. आमच्याकडे पत्ता सार्वजनिक होता पण स्थिर नव्हता. राउटर बंद होऊन चालू झाला की तो बदलत असे. त्यावर डायनॅमिक डीएनएस हा उपाय आहे. डकडीएनएससारख्या मोफत सेवेवर आपण एक नाव घेतो, आणि घरातले एखादे यंत्र दर पाच मिनिटांनी त्या सेवेला सध्याचा पत्ता कळवत राहते. सेवेकडून मिळणारे टोकन पासवर्डइतकेच जपावे, कारण ते ज्याच्या हाती लागेल तो आपले नाव दुसऱ्याच पत्त्याकडे वळवू शकेल.

घराच्या आतली आखणी

बहुतेक राउटर घरातल्या यंत्रांना १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० या जाळ्यातले पत्ते देतात. ते जसेच्या तसे ठेवू नयेत. कारण भावाच्या बंगळुरूच्या खोलीतला राउटरही १९२.१६८.१.० हेच जाळे वापरत असेल, तर त्याचा लॅपटॉप १९२.१६८.१.२० हा पत्ता आपल्याच खोलीत शोधेल आणि इंदूरकडे काही पाठवणारच नाही. हा दोष पुढे शोधणे फार अवघड जाते, कारण सगळे नियम बरोबर असूनही काहीच चालत नाही. म्हणून मी घराचे जाळे १९२.१६८.५७.० असे बदलले. सत्तावन्न या आकड्याला काही विशेष अर्थ नाही. दुसरे कोणी सहसा वापरत नाही, एवढाच त्याचा गुण.

त्यानंतर राउटरच्या डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) विभागातील ॲड्रेस रिझर्वेशनमध्ये प्रत्येक यंत्राच्या मॅक पत्त्यापुढे, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकापुढे, त्याचा कायमचा आयपी पत्ता नोंदवावा. आमच्या घरात राउटर १, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) ५, माझा संगणक २० आणि बाबांचा २१ अशी शेवटच्या आकड्यांची वाटणी आहे. ही वाटणी कागदावर लिहून राउटरजवळच्या भिंतीवर चिकटवली आहे, आणि तिचा उपयोग मला वाटला होता त्यापेक्षा कितीतरी अधिक झाला. शक्य असेल तर ही यंत्रे केबलने जोडावीत. आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाड आहेत आणि दुसऱ्या खोलीत वायफाय पोहोचते न पोहोचते. दुरून काम करताना अशी तुटणारी जोडणी फार त्रास देते.

त्याच बैठकीत राउटरची तीन कामे उरकून घ्यावीत. कारखान्यातून आलेला प्रशासनाचा पासवर्ड बदलावा, बाहेरून राउटर चालवण्याची रिमोट मॅनेजमेंटची सोय बंद करावी, आणि यूपीएनपी बंद करावे. घरातल्या कोणत्याही यंत्राला आपल्याला न विचारता बाहेरचे पोर्ट उघडता येते ते याच सोयीमुळे. सेवादात्याने दिलेला राउटर जुना असेल आणि त्याच्या फर्मवेअरला (आतल्या सॉफ्टवेअरला) सुधारणा मिळत नसतील, तर तो बदलणेच इष्ट.

३३८९ चे दार उघडू नये

संगणक दुरून चालवण्याची विंडोजची सोय, रिमोट डेस्कटॉप, ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. तेच पोर्ट राउटरमधून संगणकाकडे वळवले की काम झाले, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पूर्वी मीही तसेच केले होते. काही दिवसांनी संगणकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमधला सुरक्षा विभाग उघडला, तेव्हा ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची पानेच्या पाने दिसली. प्रवेशाचा फसलेला प्रयत्न, असा त्या नोंदीचा अर्थ आहे. ॲडमिनिस्ट्रेटर, यूझर, टेस्ट अशी नावे घेऊन कोणीतरी दिवसरात्र दार वाजवत होते, आणि ज्या संगणकावर बाबांची कागदपत्रे होती त्याच्या आणि त्या माणसांच्या मध्ये माझ्या एका पासवर्डखेरीज काही नव्हते. मी त्याच क्षणी तो नियम काढून टाकला.

आपला पत्ता कोणाला कसा कळणार, हा समज चुकीचा आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन सादर केले, तेव्हाच एका वेगवान जोडणीवरून चौथ्या आवृत्तीचे संपूर्ण इंटरनेट सुमारे ४५ मिनिटांत तपासता येत होते. ३३८९ ऐवजी दुसरा आकडा घेतल्याने थोडा उशीर होतो, संरक्षण मिळत नाही. शिवाय पासवर्ड कितीही चांगला असला तरी खुद्द सेवेतच दोष निघू शकतो. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप या दोषात पासवर्डची गरजच नव्हती, आणि तो इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. दुसऱ्याचा पडदा दुरून दाखवणाऱ्या व्हीएनसीचे ५९००, घरातल्या कॅमेऱ्यांचे पान, फाइलींची सामायिक जागा, या सर्वांना हेच लागू आहे. यांतले काहीही थेट बाहेर उघडू नये.

बोगदा

बाहेरून आत येण्यासाठी एकच वाट ठेवावी, आणि ती वाट ओळख पटल्याशिवाय कोणालाही उत्तर देणारी नसावी. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये, म्हणजे इंटरनेटमधून जाणाऱ्या कूटबद्ध बोगद्यात, हा गुण आहे. चुकीची किल्ली घेऊन आलेल्या पाकिटाला (माहितीच्या तुकड्याला) ते नकारही देत नाही. गप्प राहते, त्यामुळे पोर्ट शोधत फिरणाऱ्याला तेथे काही आहे हेसुद्धा कळत नाही. मार्च २०२० मधील ५.६ आवृत्तीपासून ते लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे.

घरातल्या कोणत्या यंत्रावर ते बसवावे, हा पहिला निर्णय. राउटरमध्येच वायरगार्डची सोय असेल तर उत्तम. ती नसेल तर सतत चालू राहणारे लहानसे यंत्र घ्यावे. मी काही वॅटच वीज घेणारा रास्पबेरी पाय वापरला. थेट विंडोजच्या संगणकावरही वायरगार्ड चालते, पण तो संगणक झोपला की बोगदाही बंद होतो आणि त्याला बाहेरून जागे करण्याचा मार्ग उरत नाही.

पायवर वायरगार्डचे पॅकेज टाकल्यावर प्रत्येक यंत्रासाठी किल्ल्यांची जोडी तयार करावी. खासगी किल्ली त्या त्या यंत्रावरच राहावी, सार्वजनिक किल्ली तेवढी दुसऱ्याला द्यावी. खासगी किल्ली व्हॉट्सॲपवरून किंवा ईमेलने पाठवू नये. भावाने आपल्या लॅपटॉपवर स्वतः जोडी तयार केली आणि मला फक्त सार्वजनिक किल्ली कळवली, हीच योग्य रीत. बोगद्याच्या आतल्या पत्त्यांसाठी वेगळे जाळे लागते, मी १०.७७.०.० घेतले, त्यात पायला १, माझ्या लॅपटॉपला २, फोनला ३ आणि भावाला ४ हे आकडे दिले.

पायवरच्या वायरगार्डच्या सेटिंग फाइलमधील इंटरफेस विभागात त्याची खासगी किल्ली, १०.७७.०.१/२४ हा पत्ता (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे समान असलेले सारे जाळे) आणि ऐकण्याचे पोर्ट ५१८२० लिहावे. त्याखाली प्रत्येक पाहुण्या यंत्राचा एकेक पीअर विभाग असतो. त्यात त्याची सार्वजनिक किल्ली आणि अलाउड आयपीजमध्ये त्याचा एकच पत्ता, उदाहरणार्थ १०.७७.०.२/३२, लिहावा. लॅपटॉपवर याच्या उलट मांडणी होते : पीअर म्हणून पायची सार्वजनिक किल्ली, एंडपॉइंट म्हणून डकडीएनएसचे नाव आणि ५१८२०, अलाउड आयपीजमध्ये १०.७७.०.०/२४ आणि १९२.१६८.५७.०/२४ ही दोन जाळी, आणि पर्सिस्टंट कीपअलाइव्हसाठी (वाट जागी ठेवणारे पाकीट किती वेळाने पाठवावे यासाठी) २५ सेकंद. ही दोनच जाळी लिहिल्यामुळे फक्त घराकडची वाहतूक बोगद्यातून जाते आणि बाकीचे इंटरनेट नेहमीच्या वाटेने चालत राहते.

येथे एक जागा आहे जिथे बहुतेक जण अडतात, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. लॅपटॉपकडून निघालेले पाकीट पायपर्यंत येते, पण ते पुढे माझ्या संगणकाकडे जाण्यासाठी पायवर आयपी फॉरवर्डिंग चालू असले पाहिजे, आणि ते मुळात बंद असते. ते चालू केल्यावरही काम होतेच असे नाही. संगणकाला पाकीट मिळते, तो उत्तर १०.७७.०.२ कडे पाठवू पाहतो, हे जाळे त्याला माहीत नसल्यामुळे ते उत्तर राउटरकडे देतो, आणि राउटरलाही ते माहीत नसते. यावर दोन उपाय आहेत. राउटरमध्ये १०.७७.०.० या जाळ्याची वाट १९२.१६८.५७.५ कडून जाते असा स्थिर मार्ग नोंदवावा. किंवा पायवरच मास्करेड नियम लावावा, म्हणजे बाहेरून आलेली पाकिटे घरात शिरताना पायच्याच नावाने शिरतात. दुसरा उपाय सोपा आहे आणि सेवादात्याच्या राउटरमध्ये स्थिर मार्गाची सोय नसली तरी चालतो. मी तोच वापरतो.

शेवटी हा बोगदा सेवा म्हणून नोंदवावा, म्हणजे पाय पुन्हा सुरू झाला की बोगदाही आपोआप उभा राहील.

राउटरमधला एकच नियम

आता पोर्ट फॉरवर्डिंगचे पान उघडावे. बाहेरचे पोर्ट ५१८२०, आतला पत्ता १९२.१६८.५७.५, आतले पोर्ट ५१८२०, प्रोटोकॉल यूडीपी. यूडीपी आणि टीसीपी हे माहिती पाठवण्याचे दोन प्रकार आहेत आणि वायरगार्ड फक्त यूडीपी वापरते, म्हणून येथे टीसीपी निवडल्यास काहीच चालणार नाही, आणि दोन्ही निवडण्याचे कारण नाही. डीएमझेड नावाच्या सोयीला मात्र हात लावू नये. ती एका यंत्राची सारीच दारे बाहेर उघडते.

संगणकांवरचे काम

माझ्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती आहे, म्हणून सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप या क्रमाने जाऊन ती सोय चालू केली आणि नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (पडदा दिसण्याआधीच पासवर्ड तपासणारी सोय) चालूच ठेवले. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉप स्वीकारण्याची सोय नाही. त्या संगणकांवर टाइटव्हीएनसी किंवा रस्टडेस्क यांपैकी काही टाकून तेही बोगद्यातूनच वापरावे. रोज पिन टाकून संगणक उघडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की दुरून तो पिन चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. तो आठवतो आहे का, हे घरी असतानाच तपासावे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जुन्या संगणकाचा निर्णयही याच वेळी घ्यावा.

बाबांच्या संगणकाबाबत मी एक चूक केली होती. त्यांच्या संगणकावरही रिमोट डेस्कटॉप चालू केले, आणि भावाने बंगळुरूहून जोडणी केली त्याच क्षणी बाबांच्या समोरचा पडदा कुलूपबंद झाला. ते हिशेब लिहीत होते. त्यांनी मला कारखान्यात फोन करून विचारले, "अरे, हा आपोआप बंद कसा झाला? माझे लिहिलेले गेले का?" लिहिलेले गेले नव्हते, पण सर्व्हर नसलेल्या साध्या संगणकांच्या विंडोजमध्ये एका वेळी एकच जण बसू शकतो, आणि दुरून आलेला माणूस समोरच्याला उठवतो. स्वतःच्या रिकाम्या संगणकावर काम करायचे असेल तर रिमोट डेस्कटॉप योग्य. समोर बसलेल्या आईवडिलांना मदत करायची असेल तर दोघांनाही एकच पडदा दिसेल असे साधन हवे. आता बाबांच्या संगणकावर व्हीएनसी आहे, त्याची फायरवॉल फक्त १९२.१६८.५७.५ या पत्त्यालाच आत घेते, आणि भाऊ जोडणी करण्याआधी त्यांना फोन करतो. वडिलांच्या संगणकावर त्यांना न विचारता शिरणे मला योग्य वाटत नाही.

चाचणी

चाचणी घरच्या वायफायवरून करू नये. अनेक राउटर आतून निघून आपल्याच बाहेरच्या पत्त्यावर परत येणाऱ्या पाकिटांना वळवत नाहीत, त्यामुळे बरोबर बसवलेली व्यवस्थाही बंद वाटते. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून बोगदा चालू करावा. पोर्ट उघडे आहे का हे सांगणाऱ्या संकेतस्थळांवरही विसंबू नये. वायरगार्ड अनोळखी पाकिटाला उत्तर देतच नाही, म्हणून ती बहुधा पोर्ट बंद असल्याचेच सांगतील.

वायरगार्डच्या स्थितीपानावर शेवटच्या हँडशेकची (दोन यंत्रांनी एकमेकांची ओळख पटवल्याची) वेळ दिसते, आणि दोष कोठे आहे हे तीच सांगते. हँडशेक झालेलाच नसेल तर अडचण बाहेरच्या टप्प्यात आहे : नावाखाली जुना पत्ता असेल, राउटरमधला नियम चुकला असेल, किंवा दोन किल्ल्यांची अदलाबदल झाली असेल. हँडशेक होतो आहे, १०.७७.०.१ उत्तर देतो आहे, पण १९२.१६८.५७.२० देत नाही, तर दोष घराच्या आत आहे. फॉरवर्डिंग, मास्करेड आणि संगणकाची फायरवॉल या क्रमाने पाहावे. पूर्वी चालणारी जोडणी घरचा राउटर पुन्हा सुरू झाल्यावर तुटली, तर लॅपटॉपवरचा बोगदा बंद करून चालू करावा, कारण वायरगार्ड नावावरून पत्ता फक्त सुरुवातीलाच शोधते.

सार्वजनिक पत्ता नसेल तर

अशा घरांसाठी टेलस्केल ही व्हीपीएन सेवा हा माझ्या मते सर्वांत सरळ मार्ग आहे. त्यातही वायरगार्डच असते, पण दोन्ही यंत्रे आतून बाहेर जोडणी करतात आणि मध्यस्थाच्या मदतीने एकमेकांना शोधतात. थेट वाट मिळाली नाही तर वाहतूक कूटबद्ध अवस्थेतच मध्यस्थ सर्व्हरवरून जाते. राउटरमध्ये काहीच उघडावे लागत नाही. दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी कराव्यात. यंत्राच्या किल्लीची मुदत मुळात १८० दिवसांची असते. घरच्या संगणकासाठी ती मुदत प्रशासन पानावरून काढून टाकावी, नाहीतर सहा महिन्यांनी नेमक्या गरजेच्या वेळी तो गायब होतो. दुसरे, विंडोजवर अनअटेंडेड मोड चालू करावा, म्हणजे वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला आणि कोणी लॉगिन केले नसले तरी तो जोडलेला राहतो. आपल्या जाळ्याची नोंद दुसऱ्याच्या सेवेवर राहते, हे मान्य करूनच हा मार्ग घ्यावा, आणि त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी.

वीज आणि देखभाल

इंदुरात उन्हाळ्याच्या अखेरीस वादळी पाऊस आला की वीज जातेच, आणि दुरून वापरायची व्यवस्था तेव्हाच बंद पडते. फायबरची पेटी, राउटर आणि पाय या तिघांना लहान यूपीएस पुरतो. संगणकाच्या बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगच्या पानात) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करावी. रात्रभर संगणक चालू ठेवायचा नसेल तर वेक ऑन लॅन वापरावे : केबलने जोडलेल्या बंद संगणकाला पाय एक छोटे पाकीट पाठवतो आणि तो जागा होतो. हे पाकीट घरातल्याच यंत्राने पाठवावे लागते, बोगद्यातून ते थेट पोहोचत नाही. म्हणून मी आधी पायवर शिरतो आणि तेथून संगणक उठवतो. विंडोजचे फास्ट स्टार्टअप यात अडथळा आणते, ते बंद करावे.

महिन्यातून एकदा पाय, राउटर आणि संगणक यांच्या सुधारणा घ्याव्यात, आणि ते काम घरी असतानाच करावे. फर्मवेअर बदलताना राउटर अडकला तर पीथमपुरातून काहीच करता येत नाही. फोन हरवला तर पायवरच्या फाइलमधून त्या फोनचा पीअर विभाग काढून बोगदा पुन्हा सुरू करावा, म्हणजे त्या फोनपुरती वाट बंद होते आणि इतरांच्या किल्ल्या तशाच राहतात. राउटरजवळच्या कागदावर मी आईसाठी मोठ्या अक्षरांत एक ओळ वाढवली आहे : काही संशय आला तर पाय असे लिहिलेल्या पांढऱ्या डबीची वायर काढावी, घरातले इंटरनेट चालूच राहील.